डॉ. सलीम अली : हात राखून भरलेला बार

तुळिंज : नालासोपारा स्थानकाच्या पूर्वेला उतरले की इमारतींच्या गर्दीतच तुळिंज सुरू होते. एकेकाळचे हे गाव आज वसई-विरार महापालिकेतील दाट वस्तीचा भाग झाले आहे. मात्र आणखी पूर्वेकडे तुंगारेश्वरचे डोंगर अजून उभे आहेत आणि २००३ पासून त्यांना अभयारण्याचे संरक्षण आहे. कोकणपट्टीतील भातशेतीच्या गावांत पूर्वी पिकावर उतरणारी पाखरे आणि रानडुकरे हाकलण्यासाठी गोफण, बुजगावणे आणि पत्र्याचे डबे यांच्या जोडीला परवान्यावरची ठासणीची बंदूकही असे. लहान जीवासाठी किती मोठी बंदूक घ्यावी, तिच्यात किती दारू आणि कोणता छर्रा भरावा, हा त्या काळी अनुभवाने सुटणारा प्रश्न होता.

हाच प्रश्न एका वेगळ्या कारणासाठी ज्यांच्यापुढे अनेक वर्षे उभा राहिला, ते म्हणजे पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली. देश त्यांना पक्ष्यांचा रक्षणकर्ता म्हणून ओळखतो. त्यांच्या नावाने अभयारण्ये आहेत, संशोधन केंद्र आहे, पक्ष्याची आणि वटवाघळाचीही ओळख त्यांच्या नावाशी जोडलेली आहे. पण या आयुष्याची सुरुवात एअरगनने झाली आणि त्यांच्या कामाचा मोठा भाग बंदूक खांद्यावर घेऊनच झाला. ज्याचे रक्षण करायचे त्याचाच जीव घ्यावा लागतो, तर तो किती घ्यावा आणि कशाच्या मोबदल्यात, हा हिशेब त्यांना चुकवता आला नाही.

खेतवाडीतील घर

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. ते भावंडांत सर्वांत धाकटे. वर्षभराचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आईचेही निधन झाले. गिरगावातील खेतवाडीत राहणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या पत्नी हमीदा बेगम यांना स्वतःचे अपत्य नव्हते. त्यांनी या पोरक्या भाच्याला आणि त्याच्या भावंडांना सांभाळले.

अमिरुद्दीन हे हौशी शिकारी होते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांत त्यांची गणना होते. घरात शिकारीच्या गोष्टी, शिकारीची पुस्तके आणि नेमबाजीचे वातावरण होते. आसपासच्या मुलांत नेमबाजीच्या स्पर्धा रंगत. या सवंगड्यांत इस्कंदर मिर्झा नावाचा दूरच्या नात्यातला एक मुलगा होता. त्याचा नेम विशेष चांगला होता. हाच मुलगा पुढे पाकिस्तानचा पहिला अध्यक्ष झाला. छोट्या सलीमच्या मनात मात्र त्या वेळी मोठा शिकारी व्हायचे स्वप्न होते. मामांनी दिलेली एअरगन हे त्या स्वप्नाचे पहिले साधन.

एअरगनमध्ये दारू नसते. दाबलेल्या हवेच्या जोरावर शिशाची बारीक गोळी सुटते. तिचा पल्ला कमी आणि मारही कमी. मुलाच्या हाती द्यावी अशी ही बंदूक आणि तिचे लक्ष्यही तेवढेच लहान, म्हणजे चिमण्या. शहरी घरात चिमणीची गणती त्या काळी जवळजवळ उपद्रवी पाखरातच होई. वळचणीला घरटे करणारी, काड्या-कचरा पाडणारी, दाण्यावर तुटून पडणारी ही पाखरे मारली, तर कोणाला त्याचे काही वाटत नसे. मुलगा मारलेल्या चिमण्या घरी आणी, त्या रीतसर हलाल केल्या जात आणि शिजवल्याही जात.

अपोलो स्ट्रीटवरचे दार

सलीम दहा-बारा वर्षांचा असेल. एके दिवशी त्याच्या गोळीने पडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. नेहमीच्या चिमणीला असा डाग नसतो. हा पक्षी खाण्याजोगा आहे की नाही, हेही मुलाला ठरवता येईना. तो मामांकडे गेला. शिकारी असूनही अमिरुद्दीन यांना पक्षी ओळखता आला नाही. त्यांनी सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावे ओळखपत्र लिहून भाच्याला त्यांच्याकडे पाठवले.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना १८८३ मध्ये झाली होती आणि त्या वेळी तिचे कार्यालय फोर्टमधील अपोलो स्ट्रीटवर होते. मिलार्ड हे फिप्सन कंपनीचे व्यापारी. वासाहतिक काळात एका भारतीय मुलाने मेलेली चिमणी कागदात गुंडाळून इंग्रज साहेबाच्या दारात उभे राहणे ही सोपी गोष्ट नव्हती. मिलार्ड यांनी मात्र त्याचे स्वागत केले. हा पक्षी पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे सांगून त्यांनी कपाटांचे खण उघडले आणि भारतातील पक्ष्यांचे जतन केलेले नमुने दाखवले. वाचायला पुस्तके दिली. त्यांत एडवर्ड हॅमिल्टन एटकिन यांचे मुंबईतील पक्ष्यांवरचे पुस्तकही होते. पक्ष्यांचे कातडे सोलून ते टिकवण्याची विद्या शिकवण्याची तयारीही त्यांनी दाखवली. पुढे सोसायटीचे अभिरक्षक नॉर्मन किनियर यांच्याशी ओळख झाली आणि मुलाचा रीतसर अभ्यास सुरू झाला.

एअरगन तीच राहिली, पण तिचे काम बदलले. मारलेला पक्षी आता ताटात जाणार नव्हता. तो कोण, नर की मादी, कोठे सापडला आणि कोणत्या दिवशी, याची नोंद करायची होती.

आठ नरांची नोंद

सलीम अलींच्या अगदी पहिल्या टिपणांपैकी एक याच सुमाराचे, म्हणजे १९०६-०७ मधले आहे. तबेल्याच्या भिंतीतील एका भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत अंड्यांवर बसे आणि नर बाहेर एका खिळ्यावर पहारा देई. मुलाने गाडीच्या आडून नेम धरून नराला टिपले. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर मिळवला आणि तोही त्याच खिळ्यावर येऊन बसला. त्यालाही गोळी लागली. असे करत सात दिवसांत आठ नर मारले गेले आणि प्रत्येक वेळी रिकामी जागा भरली गेली.

या टिपणाकडे दोन्ही बाजूंनी पाहता येते. एका लहान मुलाने बसल्या जागी आठ पक्षी मारले, हे एक सत्य. सोबतीवाचून उरलेले नर आसपास असतात आणि जागा मोकळी होताच ते पुढे येतात, ही बाब त्याने पाहिली आणि लिहून ठेवली, हे दुसरे सत्य. सुमारे ६० वर्षांनंतर हे टिपण पक्षिनिरीक्षकांच्या वार्तापत्रात छापले गेले. तेव्हा देशातील अग्रगण्य पक्षिशास्त्रज्ञ झालेल्या सलीम अलींनी ते लपवले नाही किंवा त्याला सौम्य रूपही दिले नाही. मोजून मारलेला आणि मोजून लिहिलेला पक्षी ही त्यांच्या शास्त्राची पहिली पायरी होती.

बंदूक कोणती, काडतूस कोणते

आज दुर्बीण, कॅमेरा आणि ध्वनिमुद्रणाच्या साह्याने पक्षी ओळखला जातो. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात परिस्थिती वेगळी होती. दिसायला जवळजवळ सारखे असलेले वटवट्यांसारखे पक्षी हातात घेतल्याशिवाय वेगळे करता येत नसत. एकाच जातीच्या उत्तरेतील आणि दक्षिणेतील पक्ष्यांच्या रंगात, पंखांच्या लांबीत फरक आहे का, हे पाहायचे तर नमुने शेजारी शेजारी ठेवावे लागत. त्यासाठी पक्षी मारावा लागे आणि तो जसाच्या तसा राहील अशा रीतीने मारावा लागे. सगळी अडचण या दुसऱ्या अटीत होती.

अमेरिकेत शेतात बिळे करणारे वुडचक किंवा गवताळ रानातले प्रेअरी डॉग यांसारखे उपद्रवी प्राणी टिपण्यासाठी लहान व्यासाच्या पण प्रचंड वेगाच्या रायफली विकसित झाल्या. १९३० मध्ये बाजारात आलेले .२२ हॉर्नेट आणि १९३५ मधले .२२० स्विफ्ट ही त्या घराण्यातील गाजलेली काडतुसे. त्यांची गोळी हलकी असते, दूरवर जवळजवळ सरळ रेषेत जाते आणि लागताच फुटते. ज्याला केवळ प्राणी संपवायचा आहे, त्याच्या दृष्टीने हा गुण आहे. संग्राहकाच्या दृष्टीने तो दोष ठरतो, कारण अशा गोळीनंतर लहान पक्ष्याची पिसेच हाती लागतील. त्याहून कितीतरी मंद असलेली साधी पॉइंट टू-टूची गोळीही चिमणीएवढ्या पक्ष्याला फार होते.

म्हणून पक्षी जमवणाऱ्यांची भिस्त रायफलीपेक्षा छर्ऱ्याच्या बंदुकीवर असे. तेथेही निवड नाजूकच. शिकाऱ्याची नेहमीची बंदूक बारा बोअरची. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर त्यातील एक गोळा ज्या नळीत बसेल ती नळी बारा बोअरची. बोअरचा आकडा वाढला की नळी अरुंद होते. सर्वांत लहान बंदुकांपैकी एक चारशे दहा या नावाने ओळखली जाते. हा आकडा मात्र नळीच्या इंचातील व्यासाचा, म्हणजे .४१० इंचाचा आहे. सव्वादहा-साडेदहा मिलिमीटरच्या या नळीत दारू थोडी आणि छर्रेही थोडे मावतात. मोठ्या बंदुकीच्या नळीत बसवायची दुसरी बारीक नळीही मिळे. त्यामुळे एकाच बंदुकीतून बदकासाठी मोठा आणि वटवट्यासाठी लहान बार काढता येई.

छर्ऱ्याचा क्रमांक जितका मोठा, तितका छर्रा बारीक. बदकाला चार ते सहा क्रमांकाचा, पाणलाव्याला आठ क्रमांकाचा छर्रा लागतो. संग्राहक मात्र दहा, बारा क्रमांकापर्यंत उतरे. बारा क्रमांकाचा छर्रा जेमतेम सव्वा मिलिमीटरचा, मोहरीच्या दाण्याएवढा. दारू कमी ठेवून, हात राखून भरलेल्या अशा बाराने पक्षी पडतो, पण पिसे विस्कटत नाहीत आणि कातड्याला मोठे भोक पडत नाही. त्याची किंमत अंतरात मोजावी लागते. असा बार वीस-पंचवीस पावलांपलीकडे फारसा उपयोगी नसतो. लांबून मारलेला पक्षी केवळ जखमी होऊन झुडपात शिरला, तर जीवही जातो आणि नमुनाही मिळत नाही. याचा अर्थ, बंदूक जितकी लहान, तितके माणसाला पक्ष्याच्या जवळ जावे लागते. जवळ जायचे तर त्याच्या सवयी, आवाज, बसण्याच्या जागा आधी माहीत करून घ्याव्या लागतात. लहान काडतुसाने संग्राहकाला निरीक्षक व्हायला भाग पाडले.

पक्षी हाती आल्यावरही काम संपत नसे. चोचीत कापूस घालून रक्त पिसांवर येऊ द्यायचे नाही. त्याच दिवशी कातडे सोलायचे. कीड लागू नये म्हणून आतून सोमलाचा साबण लावायचा. पोकळीत कापूस भरून आकार द्यायचा. शेवटी पायाला चिठ्ठी बांधून तिच्यावर ठिकाण, तारीख आणि लिंग लिहायचे. चिठ्ठीवाचून नमुना निरर्थक, मग तो जीव वाया गेला असेच म्हणावे लागे.

तवॉय, बर्लिन आणि किहीम

सलीम अलींचे शिक्षण सरळ रेषेत झाले नाही. डोकेदुखीच्या जुनाट आजारामुळे शाळा खंडित होत राहिली. १९१३ मध्ये ते मॅट्रिक झाले. महाविद्यालयाचे पहिले वर्षच कठीण गेले आणि ते ब्रह्मदेशातील तवॉय येथे कुटुंबाच्या वुल्फ्रॅमच्या खाणी आणि लाकडाचा व्यवसाय पाहायला गेले. व्यवसायापेक्षा भोवतालच्या जंगलानेच त्यांना अधिक गुंतवले. १९१७ मध्ये ते परतले. दावर कॉलेजात वाणिज्याचा अभ्यास करत असतानाच सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर ब्लाटर यांच्या प्रोत्साहनाने त्यांनी प्राणिशास्त्राचे धडे घेतले. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

विद्यापीठाची पदवी नसल्याने सरकारी प्राणिशास्त्र खात्याचे दार त्यांना उघडले नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात, महिना ३५० रुपयांवर मार्गदर्शक व्याख्याता म्हणून त्यांची नेमणूक झाली. दोन वर्षांनी रजा घेऊन ते बर्लिनला गेले. तेथे एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली त्यांनी आधुनिक पक्षिशास्त्राचे शिक्षण घेतले. उत्तर समुद्रातील हेल्गोलँड बेटावर पक्षी पकडून, पायात कडे घालून सोडून देण्याचे कामही त्यांनी जवळून पाहिले. पक्षी न मारताही त्याचा माग काढता येतो, हे त्या बेटावर त्यांनी शिकले.

१९३० मध्ये परत आल्यावर नोकरी राहिली नव्हती. निधीअभावी ते पदच रद्द झाले होते. पती-पत्नी अलिबागजवळच्या किहीम येथे राहायला गेले. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. लपणात बसून सलीम अली तासन्‌तास घरट्यांचे बांधकाम पाहत राहिले. नर घरटे अर्धे विणतो, मादी ते पारखते, पसंत पडले तर ती आत शिरते आणि मग नर उरलेले काम पुरे करतो. एक संसार मार्गी लागला की तो दुसरे घरटे विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो. सुगरणीच्या या वीणजीवनाचा उलगडा करणारा त्यांचा निबंध १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि त्याने त्यांना जगाच्या नकाशावर नेले.

तबेल्यातील चिमण्यांचे आणि किहीमच्या सुगरणींचे प्रकरण एकाच प्रश्नाचे होते. नर आणि मादी यांचे नाते कसे चालते, हेच दोन्ही ठिकाणी पाहायचे होते. पहिल्या वेळी उत्तरासाठी आठ जीव गेले. दुसऱ्या वेळी उत्तर मिळाले ते घरट्यांसमोर बसून राहिल्याने.

संस्थानांच्या वाटा

नोकरी नव्हती, पण देशाच्या मोठ्या भागांतील पक्ष्यांची शास्त्रशुद्ध पाहणी झालेली नाही, हे सलीम अलींना ठाऊक होते. खर्च मिळाला तर आपण विनामोबदला काम करू, असा प्रस्ताव त्यांनी संस्थानिकांपुढे ठेवला. १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानाची पाहणी झाली. त्यानंतर त्रावणकोर-कोचीन, मध्य भारत, म्हैसूर, बस्तर, गुजरात अशा मोहिमा होत गेल्या. बैलगाडी, तंबू, कंदील, बंदूक आणि चिठ्ठ्यांची पेटी असा हा संसार होता. तेहमिना बहुतेक मोहिमांत सोबत असत. १९३९ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. त्या धक्क्यानंतर सलीम अलींनी स्वतःला कामात झोकून दिले.

या मोहिमांत बंदूक वापरली गेली आणि पक्षीही मारले गेले. शास्त्रासाठी नमुना आवश्यक आहे, ही भूमिका त्यांनी कधी सोडली नाही. हौसेखातर केलेल्या संहाराचे मात्र त्यांनी समर्थन केले नाही. तरुणपणीचे शिकारीचे वेड मागे पडले आणि कोणत्या जागी कोणता पक्षी कसा जगतो, हा प्रश्न मोठा झाला. इतर पक्षितज्ज्ञ नमुन्यांची संख्या आणि उपजातींची नावे यांत रमत, तेव्हा सलीम अलींच्या वह्यांत जिवंत पक्ष्यांच्या नोंदी वाढत होत्या. १९४१ मध्ये आलेले त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे सचित्र पुस्तक सामान्य वाचकाच्या हाती गेले आणि दोन पिढ्यांना पक्षी ओळखायला शिकवून गेले.

चिठ्ठीतील सत्य किती मोलाचे असते, याचा पुरावा त्यांच्याच परिचयातील एका माणसाने उलट्या बाजूने दिला. १९३७ मध्ये ते अफगाणिस्तानच्या मोहिमेवर कर्नल रिचर्ड माइनर्टझहागेन यांच्यासोबत गेले होते. या ब्रिटिश अधिकाऱ्याने संग्रहालयांतून जुने नमुने चोरून, त्यांवर स्वतःच्या नावाच्या खोट्या चिठ्ठ्या लावल्याचे १९९० च्या दशकात उघड झाले. त्यांतला एक नमुना रानपिंगळ्याचा होता. खोट्या ठिकाणामुळे या घुबडाचा शोध चुकीच्या जागी घेतला गेला. १८८४ नंतर त्याची खात्रीलायक नोंद नव्हती. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकी पक्षितज्ज्ञांना तो जिवंत दिसला, तो महाराष्ट्रात, शहाद्याजवळच्या जंगलात. पुढे २०१४ मध्ये तानसा अभयारण्यातही त्याची नोंद झाली. तुळिंजच्या पूर्वेला असलेल्या तुंगारेश्वरच्या जंगलापासून तानसा फार दूर नाही.

भरतपूरचा दगड

१२ नोव्हेंबर १९३८ रोजी सलीम अली ४२ वर्षांचे झाले. त्याच दिवशी राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव पाणथळीवर व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ बदकांची शिकार झाली. एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले गेले. हा आकडा तेथील दगडी फलकावर कोरलेला आहे. त्या पक्ष्यांच्या पायांना ठिकाण, तारीख आणि लिंगाची चिठ्ठी लागली नाही.

स्वातंत्र्यानंतर ही पाणथळ जागा शेतीसाठी कोरडी करावी, अशी मागणी पुढे आली. सलीम अलींनी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्यापर्यंत विषय नेला आणि केवलादेव वाचले. पुढे ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. जिथे राजेरजवाडे बंदुका घेऊन बसत, तिथे सलीम अलींच्या मार्गदर्शनाखाली पक्ष्यांच्या पायांत कडी घातली जाऊ लागली.

१९५९-६० पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने सोसायटीने स्थलांतरित पक्ष्यांच्या अभ्यासाचा मोठा प्रकल्प हाती घेतला. कर्नाटकात १९५७ मध्ये क्यासनूर जंगलातील ताप आढळला होता. त्याचे विषाणू पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांमार्फत दूर देशांतून येतात का, हे तपासायचे होते. डोळ्याला जेमतेम दिसणारी बारीक धाग्यांची जाळी आणि बिहारमधील मीरशिकार जमातीची पिढीजात पारधविद्या या कामी आली. पक्षी पकडायचा, मापे घ्यायची, क्रमांकाचे कडे घालायचे आणि सोडून द्यायचे. तो पुन्हा दुसरीकडे सापडला की त्याचा प्रवास कळे. मेलेला नमुना पक्ष्याच्या आयुष्यातील एकच दिवस सांगतो. कडे घातलेला पक्षी दोन ठिकाणांची आणि मधल्या काळाची गोष्ट सांगतो. हेल्गोलँडवर पाहिलेले काम तीस वर्षांनी भारतात उभे राहिले.

उपद्रवी कोणाला म्हणावे

अमेरिकी दिग्गज डिलन रिप्ले यांच्यासोबत त्यांनी लिहिलेला भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा दहा खंडांचा कोश १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. याच काळात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. या कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत उपद्रवी प्राण्यांची यादी होती. कावळा, उंदीर आणि फळे खाणारी वटवाघळे तिच्यात होती. या यादीतील जिवाला मारायला परवानगीची गरज नसे.

योगायोग असा, की त्याच १९७२ या वर्षी एका वटवाघळाला सलीम अलींचे नाव मिळाले. १९४८ मध्ये तमिळनाडूतील डोंगरांत मिळालेला एक नमुना दुसऱ्याच जातीचा समजून सोसायटीच्या संग्रहात पडून होता. थायलंडचे प्राणिशास्त्रज्ञ किट्टी थाँगलाँग्या यांनी तो तपासला आणि ती संपूर्ण नवी प्रजाती निघाली. उपद्रवी ठरलेल्या कुळातील हा प्राणी पुढे सर्वाधिक संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीत गेला. २०२२ च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची ती अनुसूचीच कायद्यातून काढून टाकण्यात आली. मात्र एखाद्या प्राण्याला ठरावीक भागापुरते आणि मुदतीपुरते उपद्रवी घोषित करण्याचा केंद्राचा अधिकार कायम आहे. २०१५-१६ मध्ये बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुक्कर, तर हिमाचल प्रदेशात माकड यांच्याबाबत तो वापरलाही गेला.

शेतकऱ्याचे नुकसान खोटे नसते. सलीम अलींनीही ते नाकारले नाही. दाणा खाणारा पक्षी वर्षाच्या उरलेल्या दिवसांत किती किडी खातो, हेही मोजा, असा त्यांचा आग्रह होता. पक्ष्यांची उपयुक्तता हा त्यांच्या लेखनाचा कायमचा विषय राहिला.

त्यांचे सगळेच हिशेब बरोबर आले असे नाही. केवलादेवमध्ये म्हशी चरण्यावर बंदी घालावी, हे मत त्यांचे आणि इतर निसर्गतज्ज्ञांचे होते. १९८२ मध्ये बंदी आली. त्याच वर्षी तेथे पोलिसांनी केलेल्या गोळीबारात काही गावकरी मृत्युमुखी पडले. त्यानंतर सोसायटीच्याच शास्त्रज्ञांनी केलेल्या दीर्घ अभ्यासातून असे दिसले, की चराई थांबल्याने गवत माजले, पाण्याचा मोकळा पृष्ठभाग कमी झाला आणि त्याचा पाणपक्ष्यांना तोटाच झाला. पक्ष्यांच्या रक्षणासाठी काढलेल्या आदेशाची किंमत माणसांनी मोजली आणि पक्ष्यांना त्याचा लाभ झाला नाही. सलीम अलींच्या आयुष्याचा आढावा घेताना हे पान उलटून पुढे जाता येत नाही. ज्या संस्थेला त्यांनी मोजायला आणि लिहायला शिकवले, तिनेच ही चूक मोजून लिहिली, हेही तितकेच खरे.

शेवटचा बार

पद्मभूषण १९५८ मध्ये आणि पद्मविभूषण १९७६ मध्ये त्यांना मिळाले. आंतरराष्ट्रीय गेट्टी पुरस्काराच्या रकमेतून त्यांनी पक्षिअभ्यासासाठी निधी उभा केला. १९८५ मध्ये ते राज्यसभेवर नियुक्त झाले. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र आले आणि त्याच्या शीर्षकात त्यांनी त्या पडलेल्या चिमणीलाच स्थान दिले. २० जून १९८७ रोजी वयाच्या ९० व्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आज एअरगन कोणाच्याही हाती दिसू शकते, पण तिने वन्य पक्षी मारणे गुन्हा आहे. दूर ईशान्येत, अरुणाचल प्रदेशात, २०२१ मध्ये एअरगन स्वेच्छेने सरकारजमा करण्याची मोहीम सुरू झाली आणि दोन हजारांहून अधिक बंदुका जमा झाल्या. कारण साधे होते. गावाभोवतीच्या जंगलात पाखरांचा आवाज कमी झाला होता. लहान बंदूक एका वेळी एकच पक्षी मारते, पण हाती तीच असेल आणि नोंद ठेवणारे कोणी नसेल, तर रान रिकामे व्हायला वेळ लागत नाही.

तुळिंजच्या इमारतींतील मुलांना आज चिमणी मारायला बंदूक लागत नाही, कारण बंद खिडक्यांच्या इमारतींत चिमणीला घरटे करायला वळचणच उरलेली नाही. खेतवाडीच्या मुलाला पिवळा डाग दिसला, तो पडलेला पक्षी त्याने हातात घेऊन नीट पाहिला म्हणून. पुढच्या ऐंशी वर्षांत त्याने देशाला बंदूक खाली ठेवून तसेच पाहायला शिकवले. तुंगारेश्वरच्या पायथ्याशी एखाद्या सकाळी दुर्बीण घेऊन उभ्या राहणाऱ्या मुलाला आता तेवढा एक डाग ओळखता आला, तरी त्या पहिल्या चिमणीचा हिशेब काहीसा चुकता होईल.